गल्ल्याला देव कसा लावावा : चिनी पद्धत, इयत्ता पहिली

भांडवल, जागा, परवाने, बँकेत चालू खातं ही सगळी कामं मागाहून. चिनी पद्धतीनं धंदा करायचा असेल तर आधी देव नेमायचा. नेमायचा म्हणजे खरोखर नेमायचा, उमेदवार पाहून, पूर्वानुभव विचारून, कामं वाटून देऊन. चिनी देवलोक हे भलंमोठं सरकारी खातं आहे. तिथं पदं आहेत, बढत्या आहेत, आणि कित्येक शतकं या बढत्यांच्या हुकमावर सही व्हायची ती पृथ्वीवरच्या सम्राटाची. पाऊस पाडण्यात कुचराई करणाऱ्या देवाची मूर्ती देवळातून काढून भर उन्हात नेऊन ठेवायची, म्हणजे साहेबांना परिस्थितीची कल्पना येते, अशीही जुनी रीत होती. आपल्याकडे भाव तेथे देव म्हणतात. इथंही तेच, फक्त भाव आधी ठरवून घ्यायचा.

उमेदवारांच्या मुलाखती

संपत्तीच्या खात्यात एकच देव असेल अशा समजुतीत राहू नका. पहिला उमेदवार झाओ गोंगमिंग. काळ्या वाघावर बसून येतो, हातात लोखंडी दंड असतो. वसुलीला बरा, पण दुकानात वाघ बांधायची सोय पाहिजे. दुसरा बी गान. शांग घराण्याच्या शेवटच्या जुलमी राजाला यानं चार खऱ्या गोष्टी सुनावल्या, तेव्हा राजानं त्याचं काळीज काढून घेतलं. काळीजच नाही म्हटल्यावर कुणाबद्दल ममत्वही नाही, सबब पैशाचं वाटप निःपक्षपाती होणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. तिसरा फान ली, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, युए राज्याचा मंत्री. आपल्या राजाला युद्ध जिंकून दिलं आणि राजाची मर्जी फिरायच्या आत राजीनामा देऊन निघून गेला. पुढं व्यापारात पडला. तीनदा गबर झाला आणि तिन्ही वेळा सगळं वाटून मोकळा झाला, अशी कथा आहे. खरं तर निवड याचीच व्हायला हवी. अख्ख्या यादीत धंद्याचा अनुभव असलेला हा एकटाच.

निवड होते चौथ्याची. ग्वान यू, पेशानं सेनापती. लालबुंद चेहरा, छातीवर रुळणारी दाढी, हातात चंद्रकोरीसारख्या पात्याचं लांब दांड्याचं शस्त्र. इसवी सन २२० मध्ये शत्रूनं पकडून त्याचा शिरच्छेद केला, म्हणजे उमेदवाराची शेवटची नोकरी पराभवात संपलेली. तरीही हाँगकाँगच्या हॉटेलांपासून कोलकात्याच्या चिनी वस्तीपर्यंत गल्ल्यावर हाच बसलेला दिसेल. पुढं सम्राटांनीही त्याला चढत चढत उमराव, राजा आणि शेवटी मिंग काळात थेट सम्राटाच्या पदावर नेलं. मेल्यानंतर इतक्या बढत्या मिळवणारा माणूस विरळाच.

याला पसंती का, हे नवशिक्यानं नीट समजून घ्यावं, बाकीचं पुस्तक वाचलं नाही तरी चालेल. कथेप्रमाणे ग्वान यूनं दोन मित्रांबरोबर भावाभावाची शपथ घेतली होती. पुढं शत्रुपक्षाच्या त्साव त्सावनं त्याला पकडलं, पण बंदी म्हणून न वागवता सोनंनाणं, मानमरातब देऊन आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. जुन्या भावाचा ठावठिकाणा कळताच ग्वान यूनं मिळालेलं सगळं सोनं मोहोरबंद करून जागच्या जागी ठेवलं आणि चालता झाला. सैनिकाला यात शौर्य दिसेल. व्यापाऱ्याला दिसला भागीदार. समोर पैसा असताना हात न लावणारा आणि जाताना हिशेब चोख ठेवून जाणारा. असा भागीदार जिवंत माणसांत सापडेना, तेव्हा तो देवांत शोधला. जमाखर्चाची वही ग्वान यूनंच शोधून काढली असंही मग लोक सांगू लागले.

यात गाववाल्यांची वशिलेबाजीही होती. ग्वान यू शान्शी प्रांतातला, तिथल्या मोठ्या मिठाच्या सरोवराजवळचा. मिंग आणि छिंग काळात शान्शीचे व्यापारी मिठाच्या, चहाच्या, कापडाच्या व्यापारासाठी देशभर पसरले आणि जातील तिथं आपला देव घेऊन गेले. हीच ती मंडळी, ज्यांच्यापैकी काहींनी १८२३ च्या सुमारास पिंगयाओ गावात रशेंगचांग ही पेढी काढली. इथं चांदी भरायची, हुंडी घ्यायची आणि महिनाभराच्या वाटेवरच्या गावात ती वटवायची. वाटेत कोर्ट नाही, पोलीस नाही, ओळखीचं कुणी नाही. अशा वेळी कागदाच्या तुकड्यामागं उभं कोण राहणार? परगावी या व्यापाऱ्यांनी सभागृहं बांधली. त्यातच मुक्काम, त्यातच नाटकाचा रंगमंच, त्यातच तंट्यांचा निवाडा, आणि मध्यभागी ग्वान यूचं देऊळ. हनान प्रांतातल्या शछी इथल्या सभागृहात १७२४ सालचा एक शिलालेख आहे. काही व्यापारी वजनकाट्यात लबाडी करू लागले म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून काटा प्रमाणित केला आणि नियम दगडावर कोरला. जो कुणी गुपचूप काटा बदलेल त्यानं दंड म्हणून तीन नाटकांचे खेळ स्वखर्चानं लावायचे. ऐकलं नाही तर मग सरकारदरबारी. या दंडाचा धूर्तपणा पाहा. खेळ देवासमोर होणार, सगळा बाजार फुकट बघणार, आणि खर्च कोण करतोय आणि का, हे तिसऱ्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असणार. आपल्याकडच्या वजनमापे खात्यानं यावर विचार करायला हरकत नाही.

मॅक्स वेबर नावाच्या जर्मन पंडितानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, की चीनमध्ये भांडवलशाही रुजली नाही याला तिथले धर्मविचार, मुख्यतः कन्फ्यूशियसचे, बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. पुढं हाँगकाँग, तैवान, सिंगापूर वधारल्यावर दुसऱ्या पंडितांनी त्याच कन्फ्यूशियसला भरभराटीचं श्रेय दिलं. दोघांपैकी एकानं तरी शछीच्या काट्याजवळ थोडा वेळ बसायला हवं होतं.

चीनला जाणं जमत नसेल तर मुंबईत माझगावला सी यिप कून नावाचं छोटं चिनी देऊळ आहे, १९१९ चं. तिथंही ग्वान यू आहे. सरावाला तेवढं पुरे.

मांडणी

हाँगकाँगमधल्या कुठल्याही जुन्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलात शिरा आणि गल्ल्याच्या मागं, डोक्याच्या वर बघा. भिंतीत लाल रंगाचा लाकडी खण, आत ग्वान यू. दोन्ही अंगांना मेणबत्तीच्या आकाराचे लाल विजेचे दिवे, दिवसरात्र चालू. पुढ्यात वाळू भरलेला डबा, त्यात जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या लाल काड्या दाटीवाटीनं उभ्या. तीन चिमुकले पेले. संत्री, ज्यांच्यावरचं फळवाल्याचं स्टिकर काढायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. शेजारी परवान्याची चौकट आणि तेलकट पंखा. आता खाली पाहा. दाराशी, जमिनीला टेकून, ओल्या छत्र्यांच्या बादलीजवळ आणखी एक देव्हारा. हा भूमिदेव. हुद्दा लहान म्हणून जागा खालची, पण आत येणारा प्रत्येक पैसा त्याच्या नाकासमोरून येतो, तेव्हा याची उदबत्ती चुकवू नका.

दिशेचा नियम सोपा आहे. शस्त्र घेतलेल्या देवाचं तोंड दाराकडे, कारण त्यानं बाहेरचं संकट अडवायचं. कागदपत्रं हाती असलेल्या देवाचं तोंड आत, नाहीतर तो पैसा बाहेर वाटत बसेल. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही ग्वान यूची पूजा होते आणि पोलीस ज्यांच्या मागावर असतात त्या टोळ्यांतही होते. देवाची अडचण आपण समजू शकतो. पण मागणं दोघांचं एकच आहे, आपला माणूस फुटू नये.

गल्ल्याजवळ पिशिऊ ठेवा. हा पंखांचा सिंहासारखा प्राणी सोनंचांदी खातो आणि त्याला गुदद्वार नसतं. जमा आहे, खर्च नाही. पंजा हलवणारी मांजर मुळात जपानी आहे, पण चिनी दुकानदारांनी तिला कधीच परकी मानलं नाही. देवांवर आयात शुल्क नसतं.

वास्तू आणि आकडे

मोठ्या इमारतीत जायची वेळ आली, की फेंगशुईवाला गाठा. शेजारी काय बांधतोय यावर विशेष लक्ष ठेवा. हाँगकाँगमध्ये १९९० साली बँक ऑफ चायनाचा मनोरा पुरा झाला, तेव्हा त्याच्या धारदार कडा सुरीच्या पात्यासारख्या शेजाऱ्यांवर रोखलेल्या आहेत अशी ओरड झाली. जवळच्या एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाच्या छतावर देखभालीच्या क्रेन आहेत. त्या तोफांसारख्या दिसतात आणि त्यांचं तोंड बरोबर त्या मनोऱ्याकडे आहे, असं लोक अजून सांगतात. बँकेची तोफ आहे का हे बँकेला विचारू नका. शहराचा त्यावर विश्वास आहे, आणि ठेवीदारांना तेवढं पुरतं.

आठ हा आकडा उच्चारानं भरभराटीच्या जवळ जातो आणि चार मृत्यूच्या, इतकं पाठ केलं की बस. डिस्नेनं २००५ मध्ये हाँगकाँगला बाग उघडली, तेव्हा सल्लागाराच्या सांगण्यावरून मुख्य प्रवेशद्वाराचा नकाशा १२ अंशांनी फिरवला आणि हॉटेलातला मोठा हॉल ८८८ चौरस मीटरचा केला. मिकी माऊसही गल्ल्यावर बसतो, शेवटी. २००९ मध्ये हाँगकाँगमधल्याच एका ४६ मजली निवासी इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्याला ८८ हा क्रमांक दिला होता. मधले मजले बांधलेच नव्हते. विटा, सिमेंट, मजूर, सगळ्यांची बचत.

सल्लागार निवडताना

सल्लागाराची फी आठाच्या पटीत असेल तर सावध व्हा. हाँगकाँगच्या नीना वांग आशियातल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक. नवऱ्याचं १९९० मध्ये अपहरण झालं, तो परत आलाच नाही. त्याचा शोध लागावा म्हणून १९९२ मध्ये त्यांनी टोनी चान या फेंगशुईवाल्याला बोलावलं. नवरा सापडला नाही, पण फेंगशुईवाला कायमचा आला. इमारतींच्या आवारात खड्डे खणून त्यात शुभ वस्तू पुरणं चाललं होतं, हे पुढं कोर्टात निघालं. प्रत्येकी ६८.८ कोटी हाँगकाँग डॉलर असे तीन हप्ते त्याला पोचले होते. आकडा शुभ होता यात शंका नाही, प्रश्न कुणाला शुभ एवढाच. २००७ मध्ये बाई वारल्या आणि सगळी मालमत्ता माझ्या नावावर आहे असं मृत्युपत्र घेऊन चान पुढं आला. कोर्टानं २०१० मध्ये ते बनावट ठरवलं आणि २०१३ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारून पीटर हे नाव घेतलं.

महागुरूंपासूनही चार हात दूर राहा. जियांगशी प्रांतातला वांग लिन रिकाम्या घमेल्यातून साप काढायचा. त्याच्याकडे नटनट्या जात, अधिकारी जात, आणि २०१३ मध्ये अलीबाबाचे जॅक मा यांचेही तिथले फोटो छापून आले. २०१५ मध्ये एका शिष्याच्या अपहरण आणि खुनाच्या प्रकरणात वांग लिनला अटक झाली. निकाल लागायच्या आत, २०१७ मध्ये, तो आजारानं मेला. संगणकावर जगाचा बाजार चालवणारा माणूस सापवाल्याकडे कशाला जातो, असं हसून विचारणारे बरेच. माझ्या मते तो तिथं सापासाठी जात नाही. त्या दिवाणखान्यात शेजारच्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं, याचं मोल साताठ बैठकांएवढं असतं.

पक्षाचे सदस्य असाल तर

चीनच्या मुख्य भूमीवर ही पायरी चुकवता येत नाही. कम्युनिस्ट पक्षानं २००१ पासून खासगी उद्योजकांना आत घ्यायला सुरुवात केली, पण सदस्यानं नास्तिक असलंच पाहिजे हा नियम ढळलेला नाही. उपाय असा. ग्वान यूला देव म्हणू नका, पारंपरिक संस्कृती म्हणा. फेंगशुईला अंधश्रद्धा म्हणा आणि टेबल हलवा.

आपल्या भीतीचा आकार पाहून देव निवडायचा असतो, हे इथं सगळ्यात नीट दिसतं. भागीदाराची भीती असेल तर ग्वान यू. पण उद्या धोरण बदललं, बँकेनं हात आखडला, वरच्या माणसाची बदली झाली तर? झेजियांग प्रांतातल्या वनजौच्या लोकांनी बटणं, बूट, लायटर विकून पैसा केला. सरकारी बँका छोट्या खासगी कारखानदाराला उभं करत नसत, त्यामुळे भांडवल फिरायचं ते नातलगांत आणि ओळखीपाळखीत. याच शहरात प्रोटेस्टंट ख्रिश्चन इतके, की त्याला चीनचं जेरुसलेम म्हणतात. तिथं ‘मालक ख्रिश्चन’ नावाचा वर्गच तयार झाला. कारखान्याचा मालक रविवारी चर्चच्या कमिटीवर असायचा. जो दहा वर्षं शेजारी बसून प्रार्थना म्हणतो त्याच्या शब्दाला बाजारात किंमत येते. शान्शीचा व्यापारी ग्वान यूसमोर जे मिळवायचा, तेच हा क्रुसासमोर मिळवू लागला. २०११ मध्ये उसनवारीचं हे जाळं फाटलं आणि कित्येक मालक रातोरात परागंदा झाले. २०१४ मध्ये सरकारनं वनजौचं भव्य सानजियांग चर्च पाडलं आणि प्रांतभर शेकडो चर्चवरचे क्रूस उतरवले. म्हणून देव्हारा नेहमी इमारतीच्या आत ठेवावा, शिखरावर नको.

बौद्ध मार्ग घ्यायचा तर आसक्ती सोडावी लागते. हैनान बेटावरच्या एचएनए उद्योगसमूहाचे माजी प्रमुख चेन फेंग बौद्ध. हायकौ शहरातल्या त्यांच्या मुख्यालयाचा आकार बसलेल्या बुद्धासारखा आहे असं म्हणतात. विमान कंपनीपासून सुरुवात करून समूहानं २०१६ मध्ये हिल्टन हॉटेल्सचा एक चतुर्थांश हिस्सा साडेसहा अब्ज डॉलरला घेतला आणि पुढच्याच वर्षी डॉइच बँकेतला जवळपास दशांश. सगळं कर्ज काढून. २०२१ च्या जानेवारीत समूह दिवाळखोरीत गेला, सप्टेंबरात चेन फेंग पोलिसांच्या ताब्यात. आसक्ती सुटली, पण क्रम चुकला.

वर्षभराचं वेळापत्रक

चांद्र वर्षाच्या पाचव्या दिवशी संपत्तीच्या देवाचं स्वागत करून दुकान उघडा. सातव्या महिन्यात भुतं सुट्टीवर येतात, त्या काळात नवीन करार, नवीन जागा, काही नको. कंपनीच्या दारात टेबल मांडून त्यावर बिस्किटं, शीतपेयं, शेवयांची पाकिटं ठेवा. सोबत पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि स्वच्छ टॉवेल. लांबून आलेत, हातपाय तरी धुतील.

तैवानमध्ये दर चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी भूमिदेवाला नैवेद्य असतो. वर्षातला शेवटचा नैवेद्य म्हणजे वेइया, त्या रात्री मालक कामगारांना जेवण घालतो. जुन्या काळी या जेवणात कोंबडी डोक्यासकट यायची आणि ज्याच्याकडे चोच, त्याला नोकरीवरून रजा. मालकाला तोंड उघडावं लागत नसे. हल्ली कोंबडी डोकं काढून देतात आणि बातमी ईमेलनं कळते.

यंत्रं असतील तर तैवानी अभियंत्यांचा तोडगा वापरा. सर्व्हरवर क्वाय-क्वाय नावाच्या मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवायचं. नावाचा अर्थ शहाण्या बाळासारखं वाग. पाकीट हिरवंच, खोबऱ्याच्या चवीचं, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू. पिवळं किंवा लाल ठेवलंत तर परिणामांना तुम्ही जबाबदार. आपल्या लिंबू-मिरचीसारखं हेही वेळच्या वेळी बदलायचं, फरक एवढाच की इथं मुदत पाकिटावर छापलेली असते. जगाला चिप पुरवणाऱ्या देशात हे चालतं. हसण्याआधी आपल्या सर्व्हर रूममध्ये काय टांगलंय ते बघून या.

देवीकडून कर्ज

एवढं करूनही पैसा कमी पडला तर पहिल्या चांद्र महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी हाँगकाँगच्या हंग होम भागातलं क्वानयिन देवीचं देऊळ गाठा. देऊळ १८७३ चं, छोटं, आणि रांग आदल्या रात्रीपासून. त्या दिवशी देवी आपली तिजोरी उघडते. उदबत्ती, कागदी नोटा, नैवेद्य देऊन तुम्ही अर्ज करायचा आणि एक लाल पाकीट उचलायचं. आत कागदावर आकडा असतो. तेवढी रक्कम देवीनं तुम्हाला यंदा उसनी दिली. खरे पैसे नसतात, पण वर्षअखेर परत येऊन फेड करायची असते, आणि ती लोक करतात. धंदा चालला नाही म्हणून कर्ज बुडवावं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा याच खिडकीवर यायचंय.

पाकीट रांगेतच उघडू नका. आकडा मनासारखा निघाला नाही तर तिथल्या बायांशी घासाघीस करू नका, दुसरं पाकीट मागू नका. मागं हजारभर माणसं उभी आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना सकाळी दुकान उघडायचंय.